रेनडिअरला लॅटिनमध्ये काय म्हणायचं? ‘रंगिफेर’, ‘तरंदुस’ आणि त्यांचं व्याकरण

आधी प्रश्न सांगतो. पुण्यात प्राणिशास्त्र शिकून पुढच्या अभ्यासासाठी उत्तर नॉर्वेत, ट्रोम्सोला गेलेल्या एका विद्यार्थिनीला आपल्या पोस्टरवर लॅटिनमध्ये एक ओळ घालायची आहे. फोटोत रेनडिअरच्या माद्यांचा कळप आहे, डोक्यावर शिंगं आहेत, आणि त्या बर्फाखालचा चारा शोधताहेत. तिने शब्दकोश चाळून आणि ऑनलाइन भाषांतर वापरून जुळवलेली ओळ अशी: ‘रंगिफ्री फेमिनाए कुम कोर्नुआ सुब निविस’. ती विचारते: नाव ‘रंगिफेर’ की ‘तरंदुस’? अनेकवचन ‘रंगिफ्री’ बरोबर आहे का? माद्या आहेत म्हणून शब्दही स्त्रीलिंगी करायचा का? आणि उच्चार नेमका कसा?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: आजच्या प्राण्यासाठी ‘रंगिफेर’ वापरा. शब्द पुल्लिंगी आहे. अनेकवचन ‘रंगिफेरी’, ‘रंगिफ्री’ नाही. मादीसाठीही मूळ शब्द पुल्लिंगीच ठेवायचा. तुमच्या ओळीत याशिवाय आणखी दोन चुका आहेत, त्या शेवटी दुरुस्त करून देतो.

आता सविस्तर. गेली वीसेक वर्षं मी लॅटिन शिकवतोय. माझ्याकडे येणारे निम्मे विद्यार्थी जीवशास्त्राचे असतात, नव्या पालीला, बेडकाला, गवताला नाव देताना शब्द कुठे चुकू नये म्हणून येणारे. उरलेले संस्कृतकडून वळलेले. रेनडिअरचा शब्द मी दोघांनाही मुद्दाम शिकवतो, कारण या एका शब्दात लॅटिनच्या दुसऱ्या गणाची (नामं चालवण्याच्या एका साच्याची) सगळी मेख आहे, आणि ती मेख मराठी माणसाला युरोपातल्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर उलगडते.

मेख ‘रंगिफेर’मधल्या ‘ए’ची आहे. लॅटिनमध्ये ‘-एर’ने संपणारी पुष्कळ पुल्लिंगी नामं आहेत, आणि विभक्ती लावताना त्यांच्यात दोन तट पडतात. ‘आगेर’ म्हणजे शेत. ‘शेताचं’ म्हणायचं तर ‘आग्री’. मधला ‘ए’ गळाला. ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक, ‘पुस्तकाचं’ म्हणजे ‘लिब्री’. इथेही गळाला. पण ‘सोकेर’ म्हणजे सासरा, आणि ‘सासऱ्याचं’ म्हणायचं तर ‘सोकेरी’. इथे ‘ए’ जागचा हलत नाही. पाठ्यपुस्तकं सांगतात की कोणता शब्द कुठल्या तटातला ते पाठ करा. मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

संस्कृत येणाऱ्याला पाठ करावं लागत नाही. ‘आगेर’चा भाऊ आहे वैदिक ‘अज्र’, म्हणजे शेत, मोकळं रान. ‘अज्र’मध्ये ज आणि र यांच्यामध्ये स्वर आहे का? नाही. म्हणजे लॅटिनमधला ‘ए’ मागाहून आलेला. शब्दाचा शेवटचा प्रत्यय झिजला, ‘ग्र’ उच्चारायला अवघड झालं, म्हणून मध्ये टेकू दिला. प्रत्यय परत लागला की टेकूची गरज संपते: आग्री. आता ‘सोकेर’चा भाऊ पाहा, ‘श्वशुर’. इथे श आणि र यांच्यामध्ये उकार मुळातच आहे. लॅटिनमध्ये त्याचा ‘ए’ झाला, पण जागा जुनीच. तो गळण्याचं कारण नाही: सोकेरी.

मराठीतही दोन्ही प्रकार आपण दिवसभर बोलतो. ‘माणूस’चं ‘माणसाला’ होतं, ‘कापूस’चं ‘कापसाला’. मधला ऊ पातळ होऊन जातो. ‘विश्वंभर’चं मात्र ‘विश्वंभराला’च होतं, ‘विश्वंभ्राला’ कुणी म्हणत नाही. कारण ‘विश्वंभर’ मधला ‘भर’ हा धातूच आहे, भृ, भरति, वाहणं, धारण करणं.

‘रंगिफेर’मधला ‘फेर’ म्हणजे नेमका हाच ‘भर’. लॅटिनमध्ये ‘फेर्त’ म्हणजे ‘वाहतो’, संस्कृतात ‘भरति’. शब्दाच्या सुरुवातीचा भ लॅटिनमध्ये फ होतो, ‘भ्रातृ’चा ‘फ्रातेर’ होतो तसा. ‘लूकिफेर’ म्हणजे प्रकाश वाहणारा, ‘सिग्निफेर’ म्हणजे रोमन पलटणीचं निशाण वाहणारा. या सगळ्यांत ‘ए’ धातूचा आहे, म्हणून तो कुठल्याही विभक्तीत जात नाही. सिग्निफेरी, लूकिफेरी, आणि म्हणूनच रंगिफेरी.

यावर विश्वास बसत नसेल तर आंबा आठवा. आंब्याचं शास्त्रीय नाव आपण शाळेत ‘मँजिफेरा इंडिका’ असं घोकलेलं असतं. ‘मांगा’ म्हणजे आंबा (हा शब्द दक्षिणेतून पोर्तुगिजांमार्फत युरोपात गेला) आणि ‘फेरा’ म्हणजे धारण करणारी. प्राण्या-वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडिश लिनियसने १७५३ साली केलेली ही जोडणी. तिथे ‘मांगिफ्रा’ होत नाही. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत मोहरीचं कुळ ‘क्रुसिफेरी’, कोथिंबिरीचं ‘अंबेलिफेरी’. तिथेही ‘फेर’ अखंड. ज्याला आंब्याचं नाव येतं त्याला रेनडिअरचं अनेकवचन आलंच पाहिजे.

तर रूपं अशी. एकवचनात कर्ता रंगिफेर, कर्म रंगिफेरुम, ‘रेनडिअरचा’ म्हणायला रंगिफेरी, ‘रेनडिअरला’ म्हणायला रंगिफेरो, आणि ‘रेनडिअरने, रेनडिअरपासून’ यासाठीही रंगिफेरो. हाक मारायची तर नुसतं रंगिफेर. ‘-उस’ने संपणाऱ्या शब्दांना संबोधनात ‘-ए’ लागतो, तो ‘-एर’वाल्यांना लागत नाही. अनेकवचनात कर्ता रंगिफेरी, कर्म रंगिफेरोस, षष्ठी रंगिफेरोरुम, आणि उरलेल्या सगळ्यांसाठी रंगिफेरीस. ‘रंगिफेरुम’ शेजारी ‘देवम्’ ठेवून पाहिलं की अनोळखी वाटत नाही.

आता ‘रंगिफेर की तरंदुस’. हे दोन शब्द वेगवेगळ्या काळातले आहेत, आणि वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वाटांनी आणले आहेत. सिसेरोच्या काळातल्या रोमन माणसाला ‘रंगिफेर’ म्हटलं असतं तर कळलं नसतं.

रोमन लोकांच्या मुलखात रेनडिअर नव्हता. लॅटिनमधलं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध वर्णन ज्युलियस सीझरचं आहे, गॉलच्या युद्धावरच्या त्याच्या सहाव्या पुस्तकातलं, इसवीसनपूर्व ५३ सालच्या मोहिमेच्या हकिकतीतलं. राइनपलीकडच्या हर्किनियन अरण्यातले प्राणी सांगताना तो लिहितो: ‘एस्त बोस केर्वी फिगूरा’. शब्दाला शब्द लावा. ‘एस्त’ म्हणजे अस्ति, आहे. ‘बोस’ म्हणजे गौः, बैल. ‘केर्वी’ म्हणजे हरणाच्या. ‘फिगूरा’ म्हणजे आकार. ‘हरणाच्या आकाराचा एक बैल आहे.’ सीझरकडे या जनावराला नावच नव्हतं. त्याने बैल धरला आणि त्यावर हरीण चढवलं.

या चार शब्दांत मी वर्गात अर्धा तास थांबतो. ‘फिगूरा’चा शेवटचा आ इथे दीर्घ आहे, लिहिताना दिसत नाही, वाचताना ओळखावा लागतो. ऱ्हस्व असता तर ती प्रथमा झाली असती आणि वाक्याला अर्थच उरला नसता. दीर्घ असल्यामुळे ही लॅटिनची ‘अब्लातीवुस’ विभक्ती. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती डोकेदुखी वाटते, कारण ‘पासून’, ‘ने’ आणि ‘मध्ये’ हे तिन्ही अर्थ एकाच रूपात येतात. आपल्या भाषेत सांगायचं तर जुनी पंचमी, तृतीया आणि सप्तमी लॅटिनमध्ये एका घरात राहायला आल्या. सीझरच्या वाक्यात बोलतेय ती तृतीया. पाणिनीचं सूत्रच आहे, ‘इत्थंभूतलक्षणे’, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण ‘जटाभिस्तापसः’: जटांवरून ओळखू येणारा तापस. ज्या खुणेने ओळख पटते ती खूण तृतीयेत. ‘केर्वी फिगूरा’ म्हणजे हरणाच्या आकाराने ओळखू येणारा. संस्कृतवाल्या विद्यार्थ्याला एवढं सांगितलं की त्याला पुढे त्या विभक्तीची भीती राहत नाही.

पुढे सीझर म्हणतो की या प्राण्याच्या कपाळाच्या मधोमध, दोन कानांमध्ये, एकच शिंग उगवतं, आणि त्याच्या टोकाला तळव्यांसारखे, फांद्यांसारखे फाटे पसरतात. एकच शिंग ही ऐकीव गोष्ट. त्याने प्राणी स्वतः पाहिलेला दिसत नाही. पण शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे: ‘एआदेम एस्त फेमिनाए मारिस्क्वे नातूरा, एआदेम फोर्मा माग्नितूदोक्वे कोर्नुउम’. मादीचा आणि नराचा स्वभाव सारखाच, शिंगांचा आकार आणि मोठेपणाही सारखाच. (‘मारिस्क्वे’ला चिकटलेला ‘क्वे’ म्हणजे आपला ‘च’, संस्कृतात येतो तसाच शब्दाच्या मागून.) चितळात, सांबरात शिंगं फक्त नराला. हरीणकुळात जिथे मादीलाही नेमाने शिंगं येतात असा प्राणी एकच, रेनडिअर. शिंगं सारखीच मोठी असतात हे खरं नाही, मादीची बरीच लहान असतात. पण मादीला शिंगं असतात एवढ्यावरून सीझरचा हा निनावी बैल रेनडिअर असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. तुमच्या फोटोतल्या माद्यांचा लॅटिनमधला पहिला उल्लेख तो हाच.

त्याच पुस्तकात जर्मनांच्या पेहरावाबद्दल बोलताना सीझर ‘रेनोनुम’ असा शब्द वापरतो. ‘रेनो’ म्हणजे खांद्यावर घ्यायचं केसाळ कातडं. आवाजाच्या साम्यामुळे पुढच्या काळात काहींनी त्याचा रेनडिअरशी संबंध जोडला आणि अठराव्या शतकातल्या लॅटिन लिखाणात ‘र्‍हेनो’ हा प्राण्याचा शब्द म्हणूनही भेटतो. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका.

नाव मिळतं ते प्लिनीकडे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेलेला हा माणूस. त्याच्या निसर्गेतिहासाच्या आठव्या पुस्तकात, सरड्यासारख्या रंग बदलणाऱ्या शॅमेलिऑनच्या पाठोपाठ, ‘तरंद्रुस’ येतो, ‘तरंदुस’चंच एक रूप. शब्द ग्रीक ‘तारांदोस’वरून घेतलेला. प्लिनी सांगतो की हा सिथियन लोकांच्या मुलखातला प्राणी, बैलाएवढा, डोकं हरणापेक्षा मोठं, शिंगांना फाटे, खूर दुभंगलेले, आणि भ्याला की ज्या झाडाझुडपात लपतो त्याचा रंग घेतो, म्हणून क्वचितच हाती लागतो. हिवाळ्यात रेनडिअरची लोकर फिकी पडते हे खरं आहे. बाकीचं रंगवणं हजारो मैलांवरून ऐकलेल्या गोष्टीचं.

प्लिनीचं वाक्य व्याकरणासाठी मात्र सोन्यासारखं: ‘तरंद्रो माग्नितूदो क्वाए बोवी’. शब्दशः, ‘तरंद्रुसला मोठेपणा, जो बैलाला’. इंग्रजी माणूस इथे ‘असणे’ हे क्रियापद शोधत बसतो. आपण मात्र रोज बोलतो तसंच आहे हे: हरणाला शिंगं आहेत, घराला दोन दारं आहेत. मालकी चतुर्थीत, ‘ला’ लावून. ‘रंगिफेरो कोर्नुआ सुंत’, रेनडिअरला शिंगं आहेत. मराठीतून थेट उचललं तरी लॅटिन अचूक.

त्याच आठव्या पुस्तकात प्लिनी भारतातला ‘अक्सिस’ नावाचा एक प्राणीही सांगतो, पाडसासारखं कातडं, पण त्यावर जास्त आणि जास्त पांढरे ठिपके. पुढे हाच शब्द आपल्या चितळाच्या शास्त्रीय नावात बसला, ‘अक्सिस अक्सिस’. चितळ आणि रेनडिअर, दोघांची नावं रोमन वाचकाला एकाच पुस्तकातून कळली.

प्लिनीनंतर शब्दाची हेळसांड झाली. तिसऱ्या शतकातल्या सोलिनुसने याच प्राण्याला थेट इथिओपियात नेऊन ठेवलं. त्याच्याकडे त्याचं नाव ‘परंद्रुस’ झालं, आणि मध्ययुगातल्या प्राणिकथांत तेच नक्कल होत राहिलं.

‘रंगिफेर’ आला तो उत्तरेकडून, ज्यांनी हा प्राणी पाळला त्या सामी लोकांच्या दिशेने. त्यांच्या भाषेतल्या ‘रैंगो’सारख्या शब्दावरून तो आला असावा असं मानतात. तेराव्या शतकात आल्बेर्तुस माग्नुसने प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात तो नोंदवला आणि व्युत्पत्तीही दिली: ‘क्वासी रामिफेर’, जणू ‘फांद्या वाहणारा’. ‘रामुस’ म्हणजे फांदी. ही यास्काच्या निरुक्तासारखी व्युत्पत्ती आहे, ऐकलेल्या अनोळखी शब्दात ओळखीचा धातू शोधणारी. पण तिने एक काम कायमचं केलं. परका शब्द लॅटिनच्या ‘फेर’वाल्या कुटुंबात दाखल झाला आणि त्या कुटुंबाचं व्याकरण त्याला लागलं. आल्बेर्तुसची व्युत्पत्ती भाषाशास्त्राने मानली नाही तरी ‘रंगिफेरी’ हे रूप त्याच्याच जोरावर उभं आहे.

जाता जाता, इंग्रजी ‘रेनडिअर’मधला ‘रेन’ म्हणजे लगाम नव्हे. तो जुना नॉर्स ‘ह्रेइन्न’. त्याचं मूळ ‘शिंग’ या अर्थाच्या धातूत असावं असं म्हणतात, ज्यातून लॅटिन ‘कोर्नू’, ‘केर्वुस’ आणि आपलं ‘शृंग’ आलं.

लिनियस १७३२ साली, वयाच्या पंचविशीत, लॅपलंडमध्ये फिरला होता. सामींचे रेनडिअरचे कळप त्याने जवळून पाहिले होते. तरी १७५८ मध्ये प्राण्याला नाव देताना त्याने प्लिनीच्या परंपरेतला शब्द निवडला: ‘केर्वुस तरंदुस’. म्हणजे ‘तरंदुस नावाचं हरीण’. १८२७ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन स्मिथने रेनडिअरसाठी स्वतंत्र प्रजाती (म्हणजे ‘जीनस’, दोन शब्दी नावातला पहिला शब्द) केली आणि तिला मध्ययुगीन नाव दिलं. त्यामुळे आजच्या ‘रंगिफेर तरंदुस’ या नावात दोन्ही परंपरा शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि खरं तर दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, रेनडिअर. पोस्टरवर पूर्ण नाव छापताना पुढे लिनियसचं नाव आणि १७५८ हे वर्ष कंसात घाला. कंसाचा अर्थ असा की त्याने नाव दिलं तेव्हा प्रजाती दुसरी होती. कंस विसरला तर चूक धरली जाते.

लिंगाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून त्यावर नीट बोलतो. एका संग्रहालयात मी भरलेल्या रेनडिअरच्या खाली ‘रंगिफेर तरंदुस फेन्निका’ अशी पाटी पाहिली होती. फिनलंडच्या जंगलातला हा उपप्रकार. खरं नाव ‘फेन्निकुस’. मी चौकशी केली तेव्हा पाटी लिहिणाऱ्याने कळकळीने सांगितलं की नमुना मादीचा आहे, म्हणून विशेषण स्त्रीलिंगी केलं. हेतू चांगला, नियम चुकीचा. विशेषणाचं लिंग शब्दाशी जुळतं. समोर कोणतं जनावर आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘रंगिफेर’ पुल्लिंगी, म्हणून फेन्निकुस, मग नमुना नराचा असो वा मादीचा. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचं कलम ३१.२ हेच सांगतं: विशेषण असेल तर प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलावं.

पण नाम असेल तर बदलत नाही. ‘तरंदुस’ हे नाम आहे, म्हणून उद्या कुणी रेनडिअर एखाद्या स्त्रीलिंगी प्रजातीत नेला तरी ते ‘तरंदा’ होणार नाही. उत्तर अमेरिकेतला ‘कॅरिबू’ हा उपप्रकार मिकमाक लोकांच्या भाषेतला शब्द, बर्फ उकरणारा या अर्थाचा. तोही जसाच्या तसा राहतो. आपला काळवीट ‘अंतिलोपे केर्विकाप्रा’, यातलं ‘केर्विकाप्रा’ म्हणजे हरीण-शेळी, तेही नाम. तिसरा प्रकार माणसाच्या नावाचा: ‘पेअरियी’ म्हणजे रॉबर्ट पेअरीचा, षष्ठी. सह्याद्रीतल्या कितीतरी पालींची आणि बेडकांची नावं याच साच्यात बसवलेली आहेत, अभ्यासकाचं आडनाव आणि त्याला षष्ठीचा ‘ई’. षष्ठी असल्यामुळे तीही लिंगाप्रमाणे बदलत नाही.

विशेषण कसं बदलतं याचं उदाहरण रेनडिअरच्या ताटातच आहे. हिवाळ्यात तो जे दगडफुलाच्या जातीचं शेवाळासारखं खातो (आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल याच मोठ्या कुटुंबातलं), त्याला लिनियसने १७५३ मध्ये ‘लिखेन रंगिफेरिनुस’ म्हटलं, म्हणजे रेनडिअरचं दगडफूल. ‘लिखेन’ पुल्लिंगी, म्हणून ‘-नुस’. पुढे ते ‘क्लादोनिया’ या स्त्रीलिंगी प्रजातीत गेलं आणि नाव झालं ‘क्लादोनिया रंगिफेरिना’. वस्तू तीच, जमिनीवरचा तोच राखाडी झुपका, पण सोबतचं नाम बदललं आणि शेपूट बदललं. आणि पाहा, इथेही ‘फेर’मधला ‘ए’ जागच्या जागी.

शेवटच्या अक्षरावरून लिंग ठरवू नका, हेही सांगून ठेवतो. लॅटिनमध्ये बहुतेक झाडं स्त्रीलिंगी आहेत, ‘-उस’ असला तरी. पिंपळ ‘फीकुस रेलिगिओसा’ आहे, ‘रेलिगिओसुस’ नाही.

मग मादी रेनडिअरला काय म्हणायचं? ‘रंगिफेरा’ नको. प्राण्यांच्या ज्या नावांना एकच लिंग असतं, तिथे लॅटिन लोक वेगळा शब्द जोडत. मराठीत आपण घार स्त्रीलिंगी आणि गरुड पुल्लिंगी म्हणतो, नर-मादी सांगायची झाली तर ‘नर घार’, ‘मादी गरुड’ म्हणतो, तसंच. ‘रंगिफेर फेमिना’ म्हणजे रेनडिअर मादी. तुम्ही ‘फेमिनाए’ जोडलंत ते बरोबर केलंत.

उच्चाराबद्दल. अभिजात लॅटिनमध्ये ग नेहमी ग असतो, म्हणून ‘रंगिफेर’, आणि ‘रं’मधला अ ऱ्हस्व. देवनागरीत अनुस्वार देऊन लिहिलं की पुढच्या गमुळे तो आपोआप ङ सारखा उच्चारला जातो, आणि लॅटिनलाही तेच हवं. चर्चच्या परंपरेतल्या इटालियन वळणात इ, एच्या आधीचा ग ज होतो, तिथे ‘रांजिफेर’. इंग्रजी जीवशास्त्रज्ञ ‘रॅन्जिफर’ म्हणतील, त्यांना हटकू नका. आघात ‘रं’वर पडतो, कारण ‘गि’ ऱ्हस्व आहे. ‘तरंदुस’मध्ये तो ‘रं’वर, म्हणजे मधल्या अक्षरावर येतो, कारण ते जोडाक्षराच्या आधीचं म्हणून गुरू आहे. गुरू-लघूचा आपला छंदातला हिशोब इथे तसाच्या तसा चालतो.

आता तुमची ओळ. ‘रंगिफ्री’चं ‘रंगिफेरी’ झालं. ‘सुब निविस’मध्ये ‘निविस’ ही षष्ठी आहे, ‘बर्फाचं’. ‘सुब’ला स्थळ दाखवताना अब्लातीवुस लागते: ‘सुब निवे’, बर्फाखाली. (बर्फाखाली जायचं असेल, म्हणजे हालचाल असेल, तर ‘सुब निवेम’. मराठी दोन्हीकडे ‘बर्फाखाली’ म्हणते, म्हणून ही चूक आपल्याकडून हमखास होते.) ‘कुम कोर्नुआ’ही चूक, कारण ‘कुम’लाही अब्लातीवुसच हवी, ‘कोर्निबुस’. पण ‘कुम’ मुळात काढूनच टाका. शिंगं ही सोबत घेतलेली वस्तू नाही, ती ओळखीची खूण आहे. सीझरसारखं नुसतं ‘कोर्निबुस रामोसीस’ लिहा, फाटेदार शिंगांच्या. ‘रामोसा’ हे विशेषण प्लिनीने याच शिंगांसाठी वापरलेलं आहे.

अजून एक अडचण उरते. ‘रंगिफेरी फेमिनाए’ एवढंच ठेवलं तर त्याचे दोन अर्थ होतात, ‘रेनडिअर माद्या’ किंवा ‘रेनडिअर मादीचं’. एकवचनी षष्ठी आणि अनेकवचनी प्रथमा दोन्ही शब्दांत सारखीच दिसते. क्रियापद घातलं की शंका मिटते, आणि तुमच्या ओळीत क्रियापद नव्हतंच. ‘किबुम क्वाएरुंत’, अन्न शोधतात, हे घाला.

पण थांबा. ‘रंगिफेरी फेमिनाए कोर्निबुस रामोसीस सुब निवे किबुम क्वाएरुंत’ असं लिहिलं तर ती तृतीया साधनाची होऊन बसते आणि वाचणारा म्हणेल, माद्या शिंगांनी बर्फ उकरून चारा शोधतात. तुम्ही प्राणिशास्त्राच्या आहात, तुम्हाला माहीत आहे की त्या पुढच्या खुरांनी उकरतात. नरांची शिंगं माजाचा हंगाम संपल्यावर गळतात, माद्यांची वसंतापर्यंत टिकतात, आणि उकरलेल्या खड्ड्यावरून दुसऱ्याला हुसकायला त्या ती वापरतात. म्हणून खुरांना साधनाची तृतीया द्या आणि शिंगं स्वल्पविरामांत वेगळी ठेवा:

‘रंगिफेरी फेमिनाए, कोर्निबुस रामोसीस, उंगुलीस सुब निवे किबुम क्वाएरुंत.’

फाटेदार शिंगांच्या रेनडिअर माद्या खुरांनी बर्फाखालचा चारा शोधताहेत. रोमन लिपीत छापताना ‘उंगुलीस’ आणि ‘रामोसीस’च्या शेवटी नुसताच ‘आय-एस’ येईल, दीर्घतेची खूण छापायची गरज नाही. स्वल्पविराम मात्र छापखान्यात गाळू देऊ नका.